काळ्या बेल्जियन बिअरमध्ये गुऱ्हाळाचा वास कुठनं आला?

गूळपेठकर | शुक्रवार, रात्री ११:२०

मंडळी, आत्ताच गच्चीवरनं खाली आलोय, ग्लास अजून धुतला न्हाई कारण त्याच्या तळाला जो वास राहिलाय तो जायच्या आत हे सगळं लिहून काढायचंय.

माझी मामेबहीण लूव्हेनला शिकायला असते, ती संक्रांतीला घरी आली आणि येताना माझ्यासाठी सहा बाटल्या घेऊन आली, ३३० मिलीच्या. सहाच का, तर विमानानं येणाऱ्याला दोन लिटरपर्यंतच दारू बिनड्युटीची आणता येते आणि सहा बाटल्यांचे होतात १.९८ लिटर, म्हणजे पोरीनं अगदी काठोकाठ हिशेब करून आणलंय. दोन शिमे ब्लू, दोन रोशफोर १०, दोन सेंट बर्नार्डस ऍब्ट १२. तिन्ही काळ्या, तिन्ही जड. शिमे ९ टक्क्यांची, बर्नार्डस १० ची आणि रोशफोर ११.३ ची.

आज रोशफोर उघडली. फ्रीजमधनं काढली, लगेच ओतली, घोट घेतला आणि खरं सांगतो मन खट्टू झालं, थंडगार, जरा अल्कोहोलचा चटका आणि मागनं काहीतरी कडवट, बास. बहीण म्हणाली दादा ठेव तो ग्लास खाली, वीस मिनिटं हात लावू नकोस. ठेवला. आम्ही गप्पा मारत बसलो, गच्चीवर गार वारं होतं, आणि मग मी ग्लास उचलला तो नाकापाशी नेला आणि एकदम आजोळचं गुऱ्हाळ.

म्हणजे आठवण वगैरे न्हाई हो, तोच वास. चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीच्या, तोंडापासनं थोडं लांब उभं राहिल्यावर, काहील (रस आटवायची मोठी कढई) उतरायला आली की रसाचे बुडबुडे मोठे मोठे आणि जड होतात, फुटताना पुच पुच आवाज येतो, त्यावेळी जो वास येतो तो. तयार गुळाच्या ढेपेचा न्हाई, त्याच्या आधीचा. त्याच्या मागनं मनुका, सुकं अंजीर, मग पार काळं पडलेलं केळं, लवंग, आणि अगदी शेवटी कोको. लवंगेपाशी मी थांबलो, परत हुंगलं, लवंगच.

मग घोट घेतला आणि इथं माझा प्रश्न हाय. वासावरनं मला वाटलं काकवीसारखं गोडमिट्ट असणार. आणि ते गोड न्हाईच! जिभेवर आल्यावर भरल्यासारखं वाटतं, दाट वाटतं, पण गिळलं की तोंड कोरडं, स्वच्छ, आणि छातीत ऊब. नाकाला गूळ आणि जिभेला कोरडं, हे कसं काय? गोडवा गेला कुठं? आणि बेल्जियममध्ये ऊस तर पिकत न्हाई, मग हा वास आला कुठनं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, मला झोप येणार न्हाई.

पेठेतला | रात्री ११:३१

११.३ टक्के?? आपली ती कडक म्हणतात ती पण ८ च्या वर जात न्हाई भावा. एका बाटलीत काम झालं असणार.

यीस्टवाला_कागल | रात्री ११:४८

मूळचा कागलचा, सध्या पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काम करतो, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही, उद्या सकाळी लवकर बॅच आहे तरी लिहितोय.

गोडवा यीस्टनं खाल्ला. हे एका वाक्यात उत्तर. आता सविस्तर.

या बिअरमध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) तर भरपूर असतंच, पण त्याच्या सोबत उकळताना साखर घालतात. साध्या माल्टच्या साखरेत काही भाग असा असतो की यीस्टला तो पचत नाही, तो बिअरमध्ये तसाच राहतो आणि तुम्हाला दाटपणा जाणवतो. नुसत्या माल्टवर ११ टक्के गाठायला गेलात तर हा न पचलेला भाग इतका साठतो की पिताना जड जड होतं, दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. साखरेचं तसं नाही. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागं काही ठेवत नाही, अल्कोहोल वाढतं पण अंग हलकं राहतं. बेल्जियन ब्रुअर याला एक शब्द वापरतात, त्याचा अर्थ होतो पचायला हलकी. ११ टक्क्यांची असून तुम्ही तिला स्वच्छ म्हणालात ना, ते ह्यामुळं.

पण साखर जाते, साखर जळताना तयार झालेला वास जात नाही! ही सगळी गंमत आहे. ते जी साखर घालतात तिला कँडी सिरप म्हणतात, काळं, मधासारखं दाट. साखर पाण्यात विरघळवून तापवत तापवत ते काळं करत नेतात, आणि त्या तापण्यातनं जे मनुका अंजीर जळका गूळ असले वास तयार होतात ते यीस्टला खाता येत नाहीत. म्हणून तुमच्या नाकाला गूळ आला आणि जिभेला आला नाही.

लवंग आणि केळं मात्र साखरेचं नाही, ते यीस्टचं. लवंगेत जो वासाचा घटक असतो त्याच्या जवळचा नातेवाईक हे बेल्जियन यीस्ट स्वतः तयार करतं, आणि केळ्याचा वास तर अगदी पिकल्या केळ्यात असतो तोच. बिअरमध्ये लवंग टाकलेली नसते. रोशफोरमध्ये थोडे धने मात्र असतात.

गूळपेठकर | रात्री ११:५५

धने!! मी परत हुंगायला चाललो.

ताराराणी_८८ | शनिवार, सकाळी ७:१०

किती छान लिहिलंय दोघांनी. कँडी साखर म्हणजे खडीसाखर का? कारण मी कुठंतरी वाचलं होतं की बेल्जियन बिअरमध्ये खडीसाखर घालतात आणि मला ते फार विचित्र वाटलं होतं, खडीसाखरेला कसला आलाय वास.

यीस्टवाला_कागल | सकाळी ७:४२

बरोबर शंका आहे ताई. बरीच वर्षं परदेशातल्या घरी बिअर करणाऱ्या मंडळींचा हाच समज होता, ते महाग तपकिरी खडीसाखर विकत घेऊन टाकायचे आणि मग चव का येत नाही म्हणून डोकं खाजवायचे. खड्यांत काही दम नाही, स्फटिक झाला म्हणजे तो बहुतेक शुद्ध साखरच, रंग आणि वास राहतो मागच्या पाकात. खरा जीव त्या काळ्या पाकात.

आणि शब्दाचं सांगू का, कँडी हा शब्द मुळात आपल्या खंड, खांड या शब्दावरनंच गेलाय असं मानतात, संस्कृत खण्ड, तिथनं फारसीत कंद, मग अरबी आणि मग फ्रेंच. आपण अजून खांडसरी म्हणतोच की.

काहीलकाका | सकाळी ९:०५

गूळपेठकर, पहिली गोष्ट, मी माळकरी हाय, मी दारू पीत न्हाई आणि पिणार न्हाई, पण तू काहिलीच्या वासाचं लिहिलंस म्हणून बोलायलोय, कारण त्यात मला काय तरी कळतं. वडणग्यात आमचं गुऱ्हाळ माझ्या आज्यापासनं हाय.

तू लिहिलंस काहील उतरायला आल्यावरचा वास. तसा न्हवं तो. ऐक. रस काहिलीत पडला की आधी हिरवा वास, कच्च्या उसाचा. मग भेंडीचं पाणी घालून मळी काढतो, तेव्हा वास उग्र असतोय. मळी निघून रस सोनेरी झाला, आटायला लागला की गोड वास सुटतोय, तिथं १०५-१०६ डिग्रीला उतरवलं की काकवी. तिथनं फुडं गुळव्या, म्हंजे गूळ शिजवणारा, चिमटीत घेऊन बघतोय, गार पाण्यात सोडून गोळी होती का बघतोय, ११८ च्या आसपास गूळ. हितं पर्यंतचा वास हा गोड दुधाळ वास असतोय, त्यात मनुका न्हाईत.

तू जो म्हणतोस तो वास काहिलीच्या काठाचा. आच जास्त झाली की रस काठाला लागतोय, तिथं जळतोय, त्याचा. नायतर गुळव्याचं लक्ष इकडंतिकडं झालं आणि काहील दोन मिनिटं उशिरा उतरली की त्याचा. त्या आधणाचा, म्हंजे त्या बारीच्या काहिलीचा, गूळ काळपट येतोय.

आणि काळपट गुळाला मार्केट यार्डात दर न्हाई. पिवळा धमक, कणीदार पायजे सगळ्यांना. माझ्या वडलांनी एकदा चुलवाणावरच्या माणसाला रातभर शिव्या घातलेल्या मी ऐकल्यात, एका आधणापायी. म्हणून इचारतो, ती मानसं हा वास मुद्दाम आणत्यात?

यीस्टवाला_कागल | सकाळी ९:३०

काका, मुद्दाम आणतात. तुम्ही जे टाळता तेच ते जाणून बुजून करतात, आणि किती काळं करायचं याचे पण त्यांचे प्रकार असतात, फिकट, तांबूस, काळं, एकदम काळं.

आणि तुमच्या पोस्टमुळं मला एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. त्यांची साखर शुगरबीटाची. बीटाची साखर काढल्यावर मागं जो काळा पाक उरतो तो खायला चांगला लागत नाही, मातकट उग्र वास, तो बहुतेक जातो जनावरांच्या खाद्यात. म्हणजे त्यांना आधी साखर पूर्ण पांढरी शुभ्र करून घ्यावी लागते, सगळा वास काढून टाकावा लागतो, आणि मग परत तापवून नवीन वास तयार करावा लागतो. आपल्या उसाच्या रसात तो आधीच आहे. तुमची काकवी आटतानाच वास घेऊन येते.

घेंटकर_दूरदेशी | दुपारी १:१५ (इथं सकाळ आहे)

मी बेल्जियममधल्या घेंटला गेली अकरा वर्षं. गावाकडचा धागा आणि विषय इथला, म्हणून आनंदानं लिहितोय.

बीट इथं कसं आलं ते सांगतो. नेपोलियननं १८०६ मध्ये इंग्रजांचा माल युरोपात यायला बंदी केली, त्यामुळं वेस्ट इंडीजची उसाची साखर थांबली, तेव्हा हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि इथं बीट लावायला सुरुवात झाली. ते बीट आजही इथल्या शेतात दिसतं, नोव्हेंबरात रस्त्याकडेला बीटाचे ढीग पडलेले असतात, ते बघून मला दर वर्षी आपल्याकडचे उसाचे ट्रॅक्टर आठवतात.

इतक्या कडक बिअरच्या मागं एक कायदा पण आहे. १९१९ साली बेल्जियममध्ये कॅफेत जिनसारखी कडक दारू विकायला बंदी आली आणि ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली. लोकांना ऊब देणारं काहीतरी हवं होतं, ते बिअरवाल्यांनी दिलं. शिमे ब्लू आधी नाताळची बिअर म्हणून आली. बाकी शिमे आणि रोशफोर या ट्रॅपिस्ट बिअर, आणि ट्रॅपिस्ट म्हणजे काय तर मठाच्या भिंतीच्या आत, साधूंच्या देखरेखीखाली केलेली, आणि नफा मठाच्या खर्चाला आणि दानधर्माला. षटकोनी शिक्का असतो बाटलीवर. बर्नार्डसवर तो शिक्का नाही कारण ती मठात होत नाही, पण तिचं नातं जवळचं आहे, वेस्टफ्लेटेरेनच्या मठाच्या बिअर १९४६ पासून १९९२ पर्यंत परवान्यानं बर्नार्डसच्याच कारखान्यात होत होत्या.

आणि रोशफोरवरचा १० हा आकडा अल्कोहोलचा नाही हां. आंबवण्याआधी रस किती दाट होता त्याचं ते जुनं माप. ६, ८, १० अशा तीन, झाकणं लाल, हिरवी, निळी.

काहीलकाका | दुपारी १:४०

मठातले साधू दारू करत्यात हे वाचून जरा थांबलो. पण स्वतःच्या हातानं काम करून खायचं ही गोष्ट मला पटली. आमच्यात सावता माळी मळ्यातच राबले.

पेठेतला | दुपारी २:०२

मला एक कळंना, एवढं सगळं वासाबिसाचं ठीक हाय पण शेवटी चढायसाठीच पितात न्हवं? कडक म्हणजे कडक.

गूळपेठकर | दुपारी २:४०

भावा तुझा प्रश्न खरा हाय, मी पण कालपर्यंत कडक म्हणजे तेच समजत होतो. पण मी आज सकाळी बसून हिशेब मांडला. आपली ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली, त्यात नुसतं अल्कोहोल ५२ मिली. ही ३३० मिलीची रोशफोर, त्यात ३७ मिली. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांनी धरला तर पावणेसव्वीस. म्हणजे ही बाटली दीड मोठ्या पेगाएवढी. कमी न्हाई, पण कडक बाटलीपेक्षा कमीच.

फरक कुठं हाय तर वेळात. ती ६५० ची आपण अर्ध्या तासात संपवतो कारण गरम झाली की तोंडात घालवत न्हाई. ही गरम होईल तशी चांगली होत जाते. काल आम्ही दोघांत एक बाटली घेतली आणि ती पावणेदोन तास चालली, शेवटचे दोन घोट सगळ्यात चांगले होते. मला चढली न्हाई असं न्हाई म्हणत, अंगात ऊब आली, पण मी पूर्ण वेळ जागा होतो, चव घेत होतो. हे मला पहिल्यांदा झालं. पंधरा वर्षं बिअर पितोय आणि कधी एवढा वेळ एका ग्लासाकडं बघितलं न्हवतं.

आणि गाडी चालवायची असली तर अर्धी बाटली पण नको, १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची मर्यादा हाय, त्याला फार लागत न्हाई.

पेठेतला | दुपारी २:५५

पटलं. माझा मोठा भाऊ दारूपायी गेला म्हणून मी जरा तिखट बोलतो, राग मानू नको. पावणेदोन तास एक बाटली, हे ऐकून बरं वाटलं.

गूळपेठकर | दुपारी ३:०१

राग कसला भावा. बरं केलंस बोललास ते.

ताराराणी_८८ | दुपारी ४:२०

आता माझा विषय, खाणं. यीस्टवाला दादा, याच्या सोबत काय? मी घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते, गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाच्या पार्टीत असली काळी बिअर आणि सोबत तांबडा रस्सा होता, मी एक घोट चाखला होता आणि मला तो तिखटाच्या वर पेट्रोल ओतल्यासारखा वाटला. सगळे रस्सा चांगला नाही म्हणत होते आणि मला मनातनं फार लागलं होतं, कारण रस्सा चांगलाच झाला होता.

यीस्टवाला_कागल | दुपारी ५:०५

ताई तुमचा रस्सा चांगलाच असणार, चूक जोडीची. जास्त अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि या बिअरमध्ये गॅस पण भरपूर असतो, तो भाजलेल्या जिभेला टोचतो. तांबडा रस्सा आणि १० टक्क्यांची बिअर दोघं एकमेकांना मारतात.

पांढरा रस्सा करून बघा. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, यातला स्निग्धपणा जिभेवर बसतो आणि बिअरचा गॅस तो धुऊन काढतो, परत पुढच्या घोटाला जीभ तयार. आणि त्यातला खडा मसाला, लवंग दालचिनी, यीस्टच्या लवंगेला हात देतो. बेल्जियममध्ये गोमांस काळ्या बिअरमध्येच तासन्‌तास शिजवतात, वर मोहरी लावलेला पाव टाकून, आपल्याकडं त्या जागी मटण सुकं, पण मिरची निम्मी, कांदा जास्त परतलेला, सुकं खोबरं चांगलं काळपट भाजलेलं. भाजलेलं खोबरं आणि काळा पाक एकाच कुळातले वास.

पुरणपोळी मात्र नको. गोड खाल्लं की ही बिअर एकदम आंबट आणि पातळ वाटायला लागते.

घेंटकर_दूरदेशी | दुपारी ५:३०

इथं सोबत चीज देतात, निळ्या बुरशीचं असेल तर अजूनच छान, खारट आणि उग्र. कोल्हापुरात मिळेलच असं नाही, पण खारे शेंगदाणे चालतात. मी भाजलेल्या शेंगा खातो, दर वेळी गावाकडनं पिशवी येते.

गूळपेठकर | संध्याकाळी ६:१२

ओतायचं कसं आणि ठेवायचं कसं तेवढं पण सांगा कोणीतरी. काल आम्ही पूर्ण बाटली उपडी केली तर शेवटी गढूळ गाळ आला.

यीस्टवाला_कागल | संध्याकाळी ६:५०

गाळ म्हणजे यीस्ट. ही बिअर बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बंद करतात, बाटलीतच ती परत आंबते, गॅस तिथंच तयार होतो, म्हणून तो फेस बारीक आणि दाट असतो. आदल्या दिवसापासनं बाटली उभी ठेवा. ग्लास तिरका धरून एका धारेत सावकाश ओता, मधे थांबू नका, तळाचा एक सेंटीमीटर बाटलीतच ठेवा. तो शेवटी वेगळा चाखा, पावासारखा लागतो, काहींना आवडतो. त्यांचे ग्लास पेल्यासारखे रुंद तोंडाचे असतात, आपल्याकडं वाईनचा मोठा ग्लास घ्या. स्टील नको, रंग दिसत नाही आणि ओठाला धातू लागतो.

तापमान १० ते १४ डिग्री. फ्रीज ४ ला असतो, म्हणून काल पहिला घोट मुका लागला. सध्या कोल्हापुरात रात्री जी थंडी आहे त्यात तास दोन तास गच्चीवर ठेवली तरी जमेल.

ठेवायची असेल तर जपून. थंड अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षं मुरते, मनुका वाढतात, टोक बोथट होतं. पण माळ्यावर ठेवून आपला एप्रिल मे काढला तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, माझी एक बाटली अशी गेली आहे, तीन वर्षं जपली होती, उघडली तेव्हा डोळ्यात पाणी आलं.

बावडेकर_०७ | रात्री ८:१५

काकवी घालून घरी करून बघायचं का? ऊस आपला, काकवी आपली.

यीस्टवाला_कागल | रात्री ८:४०

घरी नको. परवान्याशिवाय आपल्या राज्यात बिअर करता येत नाही, स्वतःला प्यायला केली तरी. पण कल्पना चुकीची नाही, गूळ वापरून बिअर करणारे ब्रुअर आपल्या देशात आहेत. आम्ही एकदा केली होती. गुळाची साखर यीस्टनं खाल्ली, आणि मागं रमसारखा वास आणि थोडा खारटपणा राहिला, गुळात जे क्षार असतात त्यांचा. पिवळ्या गुळानं फार काही मिळालं नाही. आता काकांचं वाचून वाटतं की आम्ही चुकीचा गूळ घेतला. आम्हाला तो काळा आधणातला पाहिजे होता, जो यार्डात कोणी घेत नाही.

काहीलकाका | रात्री ९:००

गूळपेठकर, उद्या सकाळी ये गुऱ्हाळावर. हंगाम चालूच हाय. येताना एक बाटली घेऊन ये. मी पिणार न्हाई, वास घेतो. तू म्हणतोस तो वास कुठला हे मला नाकानंच कळंल.

गूळपेठकर | रविवार, रात्री ८:३०

जाऊन आलो. सगळं क्रमानं लिहितो.

बर्नार्डस नेली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. मला धाकट्या भावानं गाडीवरनं सोडलं आणि संध्याकाळी न्यायला आला. काकांच्या गुऱ्हाळावर दोन आधणं झालेली, तिसरं चुलवाणावर होतं, चिपाडाचा धूर, सगळीकडं गोड वाफ. को ९२००५ जातीचा ऊस होता, काका म्हणाले गुळाला हाच. त्यांनी मला तीन वाट्या दिल्या. पहिल्या वाटीत ताजी काकवी, दुसऱ्यात गार व्हायला वाफ्यात ओतलेला, अजून गरम असलेला गूळ, तिसऱ्यात काहिलीच्या काठावरनं उलथन्यानं खरवडून काढलेलं काळं, कडक झालेलं.

मी बिअर काचेच्या ग्लासात ओतली, त्यांचे कामगार गोळा झाले, सगळे शांत. पहिली वाटी आणि ग्लास आळीपाळीनं हुंगलं, जुळत न्हाई. काकवी फार कोवळी, तिच्यात उसाचा हिरवेपणा अजून हाय. दुसरी तर अजिबातच न्हाई, दुधाळ, काकांनी म्हटलं होतं तसंच. तिसरी वाटी नाकाला लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच. मनुका, जळकं अंजीर, कोको, सगळं त्या खरवडीत होतं. फक्त लवंग आणि केळं न्हवतं, ते यीस्टचं, यीस्टवाल्या दादांनी सांगितलेलं अगदी बरोबर.

मी काही न बोलता ग्लास काकांच्या हातात दिला. त्यांनी माळ उजव्या हातानं सदऱ्याच्या आत सारली, ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले. बराच वेळ. मग ग्लास परत दिला आणि चुलवाणावरच्या पोराकडं बघून म्हणाले, काहील दोन मिनिटं उशिरा उतरली. मग परत थोडं थांबून म्हणाले, पर ज्यानं उतरली त्याला कवा उतरायची ते ठावं होतं.

मी घोट घेतला, त्या खरवडीचा बारीक खडा जिभेवर ठेवून. गोडवा खड्यात, वास दोन्हीत, आणि बिअर गिळल्यावर तोंड कोरडं. आठवडाभर जो प्रश्न डोक्यात असता तो तिथं उभ्या उभ्या सुटला.

निघताना काकांनी ती खरवड एका डब्यात घालून दिली, पाव किलोच्या आसपास असंल. यीस्टवाला दादा, तुम्हाला पाठवायची का?

यीस्टवाला_कागल | रात्री ८:४४

पाठवू नका, मी येतो. पुढच्या रविवारी कागलला घरी आहे, तिथनं वडणग्याला येतो. काका, त्या काळ्या आधणाचा गूळ तुम्ही काय दरानं देता? मला पिवळ्याच्याच दरानं पाहिजे, पन्नास किलो. कमी दरात घेणार नाही.

काहीलकाका | रात्री ९:२०

ये. पन्नास किलो एका बारीला न्हाई जमायचं, काळा मुद्दाम कधी केला न्हाई. पोराला सांगून एक आधण तसं काढतो, तू समोर उभा राहा आणि कवा उतरायची ते सांग.

ताराराणी_८८ | रात्री ९:३५

मी पांढरा रस्सा घेऊन येते. काका, तुमच्यासाठी बिनमटणाचा वेगळा.

पेठेतला | रात्री ९:४१

मला पण यायचंय, बिअर नको, ती खरवड बघायचीय.